काळी दोन आणि पारा ४६

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण मार्च संपत आला की दोघांत शर्यत लागते. आज पारा कोणाचा वर? संध्याकाळी आकडे येतात आणि ज्याचा अर्धा अंश जास्त, तो गाववाला पानठेल्यावर उन्हाचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा बोलू लागतो. हरलेला चंद्रपूरकर मग २०१९ च्या मे महिन्याची साक्ष काढतो. तेव्हा पारा ४८ च्या घरात गेला होता आणि जगातल्या तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचं नाव झळकलं होतं. यादी कसली का असेना, नाव वर आल्याशी कारण.

अशा दिवसांत अकरा ते पाच शहाणा माणूस बाहेर पडत नाही. कूलरच्या ताट्या ओल्या करायच्या, दारं ओढून घ्यायची आणि ऊन उतरेपर्यंत आडवं व्हायचं, हा इथला रिवाज. तरीही रस्त्यावर तीन प्रकारची माणसं दिसतात. तेंदूपत्त्याचं ओझं घेऊन जंगलातून परतणारी. ताडोब्याच्या पाणवठ्यावर वाघ येईल या आशेनं उघड्या जिप्सीत स्वतःला भाजून घेणारी. आणि डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि मोटारसायकलच्या मागे दोरीनं बांधलेली पेटी घेऊन निघालेला भजन मंडळाचा प्रमुख. पहिल्यांना मजुरी मिळते, दुसऱ्यांना फोटो. तिसऱ्याला पत्रिकेत नाव मिळतं, तेही शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘व संच’ असं शेपूट लावून.

या माणसाला कोणी बुवा म्हणतं, कोणी महाराज, कोणी मास्तर. इतर वेळी तो कोळसा खाणीत, बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, वनखात्यात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. त्यातला शाळामास्तर सगळ्यांत जास्त फसलेला. मे महिन्याची सुट्टी त्याला सरकारनं विश्रांतीसाठी दिलेली असते आणि गावानं ती आधीच वाटून घेतलेली असते. ‘तुम्हाले तं सुट्ट्याच आहेत ना जी’ या वाक्यावर कोणत्याच मास्तरला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

आता रामनवमी, हनुमान जयंती, महाकालीची यात्रा, आंबेडकर जयंती, ग्रामजयंती, बुद्ध पौर्णिमा, कधी गुड फ्रायडे नि ईस्टर, वर लग्नं, वास्तुपूजन आणि तेरव्या. इतके देव, संत आणि महापुरुष उन्हाळ्यातच का गाठ घालतात? कारण थोडं पंचांगात आहे, पण बरंचसं धानाच्या बांधीत आहे. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा, भाताचा मुलूख. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, नंतर मळणी. हात जरा मोकळे झाले की झाडीपट्टीची नाटकं सुरू. वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या बऱ्याच नाट्यरसिकांना कळलं की पूर्व विदर्भात एक पूर्ण रंगभूमी नांदते आहे आणि तिला तिकीट काढून येणारा प्रेक्षकही आहे.

म्हणजे पावसाळा धानाचा, हिवाळा नाटकाचा. देवाच्या वाट्याला होळी ते मृग एवढंच उरतं. त्यानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

यात मंडळाचा एक फायदा मात्र होतो. नाटकाच्या हंगामात ऑर्गन आणि तबल्याला जुंपलेले वादक होळीनंतर रिकामे होतात. गावच्या भजनात अचानक एखादा असा तबलजी बसलेला दिसतो की ऐकणारा चमकतो. फक्त त्याची सवय जात नाही. बुवा करुण सुरात देवाची आळवणी करत असतात आणि समेवर तबलजी अशी तिहाई फेकतो, की आता विंगेतून खलनायक येणार असं पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटतं.

हंगामाची सलामी चंद्रपुरात महाकालीच्या यात्रेनं झडते. चैत्र शुद्ध षष्ठीच्या सुमारास सुरू होऊन पौर्णिमेपर्यंत ही यात्रा भरते. गोंड राजघराण्यातली राणी हिराई हिनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, कारभार पाहिला, आणि मंदिराशी तिचं नाव जोडलेलं आहे. पण यात्रेची खरी गर्दी मराठवाड्याची. नांदेड, परभणी, हिंगोलीकडची माणसं, शिवाय तेलंगणातली, रेल्वेनं, ट्रकनं, मिळेल त्या वाहनानं येतात. झरपट नदीत एप्रिलमध्ये पाणी कमी आणि भाविक जास्त. तिथंच आंघोळ, मोकळ्या जागेत तीन दगडांची चूल, आणि पोतराजाचं डफडं. स्थानिक मंडळाचा बुवा मंडपात ‘दुपारी दोन ते चार’ अशी वेळ मिळवून बसतो. दोन ते चार ही वेळ का मिळाली, हे त्याला कळत नाही असं नाही. तो माइकमधून सात्त्विक सुरात आळवणी सुरू करतो आणि मंडपाबाहेरून चाळीस माणसांचा एक जथा देवीचा जयघोष करत, हलगी तडतडवत जातो. बुवा थांबतो. जथा गेला की बुवा पुन्हा ध्रुवपद घेतो. तोवर दुसरा जथा आलेला असतो. हलगीशी स्पर्धा करायची नसते, हे शहाणपण प्रत्येक बुवाला पहिल्याच यात्रेत येतं.

पण या मुलखाचं खरं वाद्य हलगी नाही आणि पेटीही नाही. ती खंजिरी. आणि खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचं मूळ नाव. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत. म्हणजे संतानंसुद्धा जन्माला ऐन उन्हाळाच निवडला, आणि भजनी मंडळांना ‘ग्रामजयंती’ची ही तारीख कायमची बांधून दिली. शाळा त्यांची लवकर सुटली. पुढे नागपूर विद्यापीठाला त्यांचंच नाव देण्यात आलं. तरुणपणी ते चिमूरजवळच्या रामदेगीच्या जंगलात राहिले, गोंदोड्याच्या गुंफेत साधना केली. त्यामुळे चिमूरच्या माणसाला ‘महाराज मूळचे अमरावतीचे’ असं सांगितलं तर तो मान डोलावतो, पण पटलेलं दिसत नाही.

खंजिरी हातात घेऊन पाहण्यासारखी वस्तू आहे. वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं, आणि कड्यात पाडलेल्या खाचांमध्ये पितळी चकत्यांच्या जोड्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. दिसायला खेळणं. पण कसलेला वादक धरणाऱ्या हाताची बोटं कातड्याच्या कडेवर हलकेच दाबतो आणि तेवढ्यानं आवाज खाली-वर घुमवतो. चकत्या वेगळ्याच लयीत छणछणत असतात. आणि हे सगळं करता करता तो गात असतो. नवशिक्याकडून यातल्या दोनच गोष्टी एका वेळी होतात. तिसरी सुरू केली की पहिली बंद पडते. गावात खंजिरी शिकणाऱ्या पोराचं घर लांबूनच ओळखू येतं, आणि शेजारी पाहुणे आले तर चहा परसात घेतात.

दक्षिणेत याच जातीच्या वाद्याला घोरपडीचं कातडं लावायची पद्धत होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलं आणि वाजवणाऱ्यांना बकऱ्याच्या किंवा कृत्रिम पडद्याकडे वळावं लागलं. जंगल जिल्ह्यात हे विशेष सांभाळावं लागतं. भजनाला पहिल्या रांगेत बसलेला सद्गृहस्थ वनपाल असू शकतो.

या वाद्यानं एकदा सरकारलाही घाबरवलं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘चले जाव’च्या लढ्यात, चिमूरला जे घडलं, त्याआधी तुकडोजींची भजनं तिथं घुमली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर गोळीबारात गेला. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, आणि नागपूर नि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आलं. आजचा बुवा ही हकीगत प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. ब्रिटिशांना ज्या खंजिरीची धास्ती वाटली, तिला आयोजक ‘बुवा, जरा लवकर आटपा, जेवणं खोळंबली’ असं म्हणू शकतात, याचा सल त्याच्या आवाजात असतो.

महाराजांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची रचना पाहिली तर कोणत्याही सरकारी कचेरीला धडा घेता येईल. गावाला ग्रामसेवाधिकारी, तालुक्याला तालुका सेवाधिकारी, जिल्ह्याला जिल्हा सेवाधिकारी, शिवाय प्रचारक, त्यात पुन्हा आजीवन प्रचारक, आणि मोझरीच्या गुरुकुंजात सर्वाधिकारी. पगार कोणालाच नाही. अधिकार म्हणाल तर सतरंजी अंथरण्याचा आणि सगळे गेल्यावर ती झटकून घडी करण्याचा. ३० एप्रिलला पहाटे ग्रामसफाई, मग रामधून, म्हणजे भगव्या टोप्या घालून गावातून गात फिरायचं. या दिवशी हातात झाडू घेतलेल्या सरपंचाचा फोटो निघतो. फोटो निघेपर्यंत तो झाडतोही.

संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हा या पंथाचा कणा. समोर मूर्ती नाही, रांगेत बसायचं, ठरल्या वेळी सुरू, ठरल्या वेळी संपणार, आणि सगळ्या धर्मांच्या माणसांनी बसावं अशी योजना. ‘ठरल्या वेळी’ हे शब्द मराठी सार्वजनिक जीवनात कुठे खरे ठरत असतील तर इथे. फक्त मे महिन्यात तेवढी पंचाईत होते, आणि तिचं नाव तेंदूपत्ता.

मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास गडचिरोलीतली गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात. पानं तोडून आणायची, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा आता पत्त्याचा लिलाव स्वतः करतात, त्यामुळे मोजणीत कोणी हलगर्जीपणा करत नाही. महिला मंडळाच्या भजनी बाया पुडे बांधताना गुणगुणत असतात. ओठांत भजन आणि बोटांत सत्तर. यातलं एक तरी चुकायला हवं, पण चुकत नाही. चुकतो तो बुवा. त्यांना चाल सांगायला तो मध्येच जातो आणि कोणाची तरी त्रेपन्नवर मोजणी अडकवतो. मग त्याला जे ऐकावं लागतं ते महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत कुठेही नाही.

गडचिरोलीच्या दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीकडे, बुवाची जात आणखी विरळ होते. माडिया आणि गोंड गावांतही याच दिवसांत पंडुम, म्हणजे सण, होतात, लग्नं होतात आणि रात्र रात्र रेला चालतो. हातात हात गुंफून गोल धरायचा, एका बाजूनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. समोर उभं राहून हात वर करणारा कोणी नाही. माइक नाही. सत्कार नाही, त्यामुळे शाल-श्रीफळ नाही. मैदानी भागातला एखादा बुवा तिथं पाहुणा म्हणून गेला तर घटकाभर बसतो, आणि ‘यांचा प्रमुख कोण?’ असं विचारतो. विचारलेला माणूस बराच विचार करतो.

पेटीचा इतिहास तर बुवानं स्वतःहून सांगावा असा नाही. ती मूळची युरोपातली. फ्रान्सच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं, मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली, आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचा भाता पायाकडून हाताकडे आणला, तेव्हा ती मांडी घालून बसणाऱ्या देशाची झाली. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला स्टुडिओत पाऊल टाकू दिलं नाही. आज मात्र पेटीशिवाय भजन म्हणजे अधर्म. चर्चमधून निघालेली पेटी देवळात स्थिरावली, तशी देवळातली ढोलकी चर्चमध्ये गेली. हिशेब चुकता.

होय, चर्च. चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन १९व्या शतकातच आलं. प्राणहितेकाठी सिरोंचाला अमेरिकन मेथडिस्ट पोचले. या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती थोडी, पण उपासनेत गाणं सांभाळणारा माणूस तिथंही असतोच, आणि त्याचा उन्हाळा बुवाच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ शोभावा. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक. पॅलेस्टाइनचा खजूर इथं कुठला, म्हणून बहुधा शिंदीची पानं. मग गुड फ्रायडे. या दिवशीची उपासना परंपरेनं दुपारी बारा ते तीन. यरुशलेमला मार्च-एप्रिलमध्ये ती सोसवत असेल. पण चांद्यात बारा ते तीन ही वेळ ज्यांनी चालू ठेवली, त्या स्कॉटिश पाद्र्यांच्या सहनशक्तीला दाद द्यावी लागेल. एरवी धुक्यात नि पावसात वाढलेली ती माणसं! क्रुसावरच्या सात वचनांवर सात प्रवचनं, प्रत्येकानंतर गीत, आणि उपास. पाचव्या वचनाशी, जिथं तहानेचा उल्लेख येतो, तिथं मंडळी खऱ्या अर्थानं एकचित्त होतात. दोन दिवसांनी ईस्टरच्या पहाटे पुन्हा गायचं असतं, आणि तेही उल्हासानं.

ही गीतं मराठीतून, आपल्या चालींवर गायची वाट ज्यांनी रुळवली त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे. त्यांचंही या बाजूशी एक नातं आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राजनांदगाव म्हणजे गडचिरोलीच्या सीमेपलीकडचा मुलूख. उन्हाळ्यातल्या रेल्वे प्रवासात माणूस काहीही वाचतो, याचं इतकं दूरगामी उदाहरण दुसरं नसेल. त्याच्याही आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले होते. त्यामुळे आज चर्चमधला गाणारा आणि देवळातला बुवा एकमेकांना परके वाटत नाहीत. पेटीचा भाता फाटला की दोघं एकाच कारागिराकडे जातात, आणि ढोलकीवाला तर अनेकदा एकच असतो. तो १४ एप्रिलला जयंतीच्या मंचावर भीमगीतांना साथ करतो, रामनवमीला शोभायात्रेत असतो आणि रविवारी सकाळी उपासनेला. त्याला धर्म विचारला तर तो तारखा सांगतो.

याच ढोलकीवाल्याशी बुवाचा उन्हाळाभर एक वाद चालतो, आणि तो निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. बुवाची पट्टी काळी दोन. पेटीचे सूर पितळी पात्यांचे, त्यांना उन्हाची फारशी फिकीर नाही. ढोलकीचं कातडं मात्र कोरड्या हवेत आवळतं आणि सूर चढत जातो. सातला जुळवलेली ढोलकी साडेसातला कुठल्या कुठे गेलेली असते.

“ढोलकी चढली ना गा.”

“ढोलकी ठीक आहे, बुवा. पेटी उतरली.”

यावर तोडगा म्हणून यजमान मोठ्या मनानं कूलर आणून लावतात. इथून खरी मजा. कूलरचा ओला झोत ज्याच्या अंगावर, त्याचं कातडं सैल. म्हणजे कूलरसमोरचा तबला उतरतो, कोपऱ्यातली ढोलकी चढते, मधली पेटी जागच्या जागी, आणि बुवाचा गळा प्रत्येक ओळीला कोणाची तरी समजूत काढत फिरतो. कूलरची घरघर स्वतःचा एक षड्ज धरून असते, तो वेगळाच. तंबोरा नसलेल्या मंडळांना त्याचा आधारही होतो म्हणे.

मग वीज जाते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. अर्ध्या महाराष्ट्राचे पंखे इथल्या कोळशावर फिरतात. केंद्राच्या चिमण्या मंडपातून दिसत असतात. तरी दुसऱ्या अंतऱ्याला माइक मरतो. अंधारात तीन सेकंद शांतता, मग लहान पोरांचा जल्लोष, मग जनरेटर ओढणाऱ्याचा शोध. आश्चर्य म्हणजे भजन या वेळी सगळ्यांत चांगलं होतं. कूलर बंद, स्पीकर बंद. खंजिरी, टाळ आणि उघडा गळा. बायका मागून सूर धरतात. वीज आली की ‘चेक, चेक, हॅलो’ करून ते सगळं पूर्ववत बिघडवलं जातं.

माइकवाल्याला मोठ्या आवाजाचं फार प्रेम, आणि सरकारला त्याहून मोठी काळजी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. राज्य सरकारला वर्षातले पंधराच दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि ते गणपती-नवरात्रासारख्या बड्या मंडळींत वाटले जातात. बुवाची अडचण अशी, की संध्याकाळी साडेसातपर्यंत अंगण तापलेलं, आठपर्यंत फळीवर मोजणी, नऊपर्यंत जेवणं. श्रोते जमतात साडेनऊला. उरलेल्या अर्ध्या तासात गणेशवंदना, गुरुवंदना, पाहुण्यांचे सत्कार आणि आभार. भजनाला जागा शोधावी लागते.

सगळ्यांत कमालीची रात्र बुद्ध पौर्णिमेची. या दिवशी ताडोब्यात वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर माणसं बसवतं. ‘निसर्गानुभव’ असं त्याचं नाव. पैसे भरून आलेली ही मंडळी रात्रभर बोलत नाहीत, खोकला गिळतात, अत्तर लावत नाहीत, चिप्सची पिशवी फोडताना पापभीरू होतात. त्याच रात्री जंगलाला लागून असलेल्या गावांत बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली; तेव्हापासून या जिल्ह्याच्या गळ्यात ही गाणी आहेत, आणि वामनदादा कर्डकांचं नाव घेतल्याशिवाय मैफल पुढे सरकत नाही. वारा त्या बाजूचा असला की मचाणावरच्या पुण्याच्या पाहुण्याला वाघाऐवजी ढोलकी ऐकू येते. वाघानं कोणता कार्यक्रम पसंत केला हे सकाळी पावलांच्या ठशांवरून कळतं.

वाघाचा विषय मात्र इथं फार वेळ गमतीचा राहत नाही. मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात माणसं जंगलात जातात आणि दर वर्षी काही परत येत नाहीत. एकट्यानं जाऊ नका, बोलत, आवाज करत चला, असं वनखातं सांगतं. मंडळं त्याची अंमलबजावणी आपल्या पद्धतीनं करतात. शेजारच्या गावाहून रात्री परतताना सगळे एकत्र निघतात आणि वाटेत खंजिरी थांबू देत नाहीत. ज्याला मंचावर बेसूर म्हणून मागे बसवलेलं असतं, त्याला या वाटेवर सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मोठ्यानं गायला सांगतात.

उरली स्पर्धा. खंजिरी भजन स्पर्धेचं पत्रक गावात आलं की मंडळाची वृत्ती बदलते. कालपर्यंत ईश्वरचरणी वाहिलेला सूर आता परीक्षकांच्या चरणी. पुरुष गट, महिला गट, बाल गट. भजनं दोन, बहुतेक ठिकाणी त्यातलं एक राष्ट्रसंत तुकडोजींचं हवं. वेळेची घंटा. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ ही ओळ पत्रकात असते आणि ती कोणीच वाचलेली नसते. महिला मंडळाची पहिली बैठक एकसारख्या साडीच्या रंगावर होते, दुसरीही त्यावरच. चाल बसते ती तिसऱ्या बैठकीत, तासाभरात, कारण बायकांना ती आधीच येत असते. पुरुष मंडळ चाल बसवायला महिना घेतं आणि ऐनवेळी टोप्या घरी विसरतं.

निकाल लागतो. दुसऱ्या क्रमांकाच्या मंडळाला पहिल्याचा ढोलकीवाला बाहेरचा असल्याचं ठाऊक असतं, कारण मागच्या वर्षी तो त्यांच्याकडे होता. प्रोत्साहनपर बक्षीस घेणारा बुवा परीक्षकांना वाकून नमस्कार करतो आणि खाली उतरल्यावर ‘भजन कधी स्पर्धेची गोष्ट असते का?’ असं म्हणतो. पहिला आलेला असं म्हणत नाही.

नवतपा सरतो, एखादी सर येते, आणि लोक पऱ्ह्यांच्या मागे लागतात. बुवानं हंगामाचा हिशेब करायला वही उघडलेली असते: पेट्रोल एवढं, ढोलकीची पुडी बदलली, शाली अकरा, नारळ चौदा, रोख फार थोडी. शाली ४६ अंशांत मिळालेल्या. त्यातल्या दोन त्यानंच मागच्या वर्षी दुसऱ्याला दिलेल्या, डागावरून ओळखू येतात. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडचा माणूस आषाढीचं विचारतो आहे. बुवा रोवणीचं सांगतो, शाळेचं सांगतो, घशाचं सांगतो. पलीकडचा सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “ते ठीक आहे जी, पण ढोलकीवाल्यानं हो म्हटलं आहे.”

बुवा वहीचं नवं पान काढतो आणि तारीख विचारतो.